रात्रभर बंद राहिलेला संगणक सकाळी नीट सुरू होत नाही

टॉवेलवाला, पूर्व भाग, सोलापूर

नमस्कार. आमच्या घरी तळमजल्यावर चार यंत्रमाग आणि वर राहणे, अशी पूर्व भागात सर्वत्र दिसते तशीच व्यवस्था आहे. जिन्यालगतच्या खोलीत सुमारे दहा वर्षांपूर्वी सुटे भाग घेऊन जुळवलेला संगणक असून त्यावर टॉवेलच्या विक्रीचा हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे आणि मुलीचा अभ्यास चालतो. वडिलांच्या शिस्तीप्रमाणे रात्री माग थांबले की त्या खोलीचा मेन स्विच बंद होतो.

डिसेंबरपासून सकाळी बटण दाबले की पंखे तीन-चार सेकंद फिरून थांबतात आणि आपोआप पुन्हा फिरू लागतात. त्यानंतर काळ्या पडद्यावर तारीख व वेळ बरोबर नसल्याची सूचना येते आणि एफ१ किंवा एफ२ दाबण्यास सांगितले जाते. एफ२ दाबल्यास विंडोजचे चिन्ह दिसून लगेच निळा पडदा येतो, आणि दोन-तीनदा तसे झाले की दुरुस्तीचे पान उघडते, ज्यातून काहीच निष्पन्न होत नाही. एफ१ दाबून, पुतण्याने फोनवरून सांगितलेला एक पर्याय बदलून एफ१० दाबले, तर मात्र संगणक सुरू होतो आणि दिवसभर कुरकुर करीत नाही. तो पर्याय मी चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवला आहे.

एका दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड गेला असे सांगितले, तर दुसऱ्याने विंडोज नव्याने टाकावे लागेल असे सांगितले. दोघांपैकी कोणीही खोके उघडून पाहिले नाही. खर्च करण्यापूर्वी आपले मत हवे आहे.

निवृत्त दुरुस्तीकार

चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते आपण कळवलेले नाही, परंतु ते "सॅटा मोड : एएचसीआय", म्हणजे हार्ड डिस्कशी बोलण्याची एक पद्धत, असावे असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर मदरबोर्डही गेलेला नाही आणि विंडोजही बिघडलेले नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे.

संगणकाची वायर भिंतीतल्या चालू सॉकेटला जोडलेली असते तोवर, तो बंद असला तरी, एसएमपीएसमधून (खोक्यातला वीजपुरवठ्याचा डबा) ५ व्होल्टचा एक क्षीण पुरवठा मदरबोर्डला मिळत राहतो आणि घड्याळ व सेटिंग त्यावर टिकून राहतात. मेन स्विच बंद झाला की तो पुरवठा तुटतो आणि सगळा भार या ३ व्होल्टच्या सेलवर येतो. सेल मेलेला असेल तर मदरबोर्ड कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर परत जातो, आणि त्या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर हार्ड डिस्कशी बोलण्याची मूळ पद्धत आयडीई अशी ठेवलेली असे. आपले विंडोज एएचसीआय पद्धतीवर टाकलेले आहे. सकाळी त्याला डिस्क भलत्याच पद्धतीने जोडलेली आढळते, योग्य ड्रायव्हर तयार नसतो, आणि निळा पडदा येतो. म्हणजे दुरुस्तीचे पान जे दुरुस्त करू पाहते ते मुळात बिघडलेलेच नाही, म्हणून त्यातून काही निष्पन्न होत नाही.

पंखे फिरून थांबणे आणि पुन्हा फिरणे हेही सेटिंग पुसले गेल्यानंतर बरेच मदरबोर्ड करतात. माझी एकच विनंती आहे, की घाईने विंडोज पुसून टाकू देऊ नका. हिशेबाची प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्या.

पारा चाळीस

वरील निदान पटण्याजोगे आहे, परंतु पंख्यांच्या बाबतीत मी इतक्या लवकर निश्चिंत होणार नाही. दहा वर्षांचा एसएमपीएस, त्यातही सोलापूरचे दहा उन्हाळे काढलेला, म्हणजे त्यातले कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, सुकत आलेले असणारच. असे कॅपॅसिटर थंड असताना जास्त अडून बसतात आणि गरम झाले की निमूट काम करतात, म्हणून तक्रार डिसेंबरच्या सकाळी सुरू झाली याकडे मला दुर्लक्ष करता येत नाही. एप्रिलमध्ये आपल्या खोल्या पहाटेसुद्धा इतक्या तापलेल्या असतात की हा दोष तेव्हा लपून राहतो.

दोन्ही शक्यता वेगळ्या करण्याचा सोपा मार्ग आहे. दुपारी, दोन-तीन तास काम करून संगणक गरम झालेला असताना, तो रीतसर बंद करा, मागची वायर काढून अर्धा तास थांबा आणि पुन्हा सुरू करा. खोके अजून कोमट असतानाही तारीख मागे गेली आणि तोच प्रकार घडला तर दोष सेलचा. कोमट खोके सुरळीत चालू झाले, तारीखही टिकली, आणि गार झाल्यावरच त्रास झाला, तर एसएमपीएस बदलण्याची तयारी ठेवा. एसएमपीएस स्वतः उघडू नये. त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ राहतो.

गिरणगल्ली

सकाळी माग सुरू होतात त्याच सुमारास आपण संगणक सुरू करता का? मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि क्षणभर दाब खाली जातो. पाच मिनिटे आगेमागे करून पाहावे, यात खर्च काही नाही.

टॉवेलवाला, पूर्व भाग, सोलापूर

सर्वांचे आभार. चिठ्ठीवर तेच शब्द आहेत.

दुपारची चाचणी काल केली. वायर काढून अर्धा तास ठेवल्यावर, हात लावला तर खोके कोमट लागत असतानाच, तारीख १ जानेवारी २०१४ झाली आणि निळा पडदाही आला. मागांचा संबंध नसावा, कारण दुपारी चारही माग आधीपासून चालू होते. आज नवी पेठेतून सेल आणला. जुना सेल मल्टिमीटरवर २.१ व्होल्ट दाखवतो, नवा ३.२. वायर काढून, खोक्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून सेल बसवला. तारीख दुरुस्त करून तो पर्याय शेवटचा एकदा बदलला. मेन स्विच दोन तास बंद ठेवून पाहिला. पहिल्याच दाबात संगणक सुरू झाला आणि पंखेही मध्ये थांबले नाहीत.

एक गोष्ट आता लक्षात आली. मध्यंतरी जीएसटीचे संकेतस्थळ "जोडणी सुरक्षित नाही" असे सांगून उघडत नव्हते आणि मी इंटरनेटवाल्याशी वाद घातला होता. तोही चुकलेल्या तारखेचाच परिणाम होता काय?

झाकण काढल्यावर प्रोसेसरच्या पंख्याखाली सुताच्या तुसाचा चक्क गालिचा निघाला. तो ब्लोअरने उडवावा का?

निवृत्त दुरुस्तीकार

होय, तारखेचाच परिणाम. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि अखेरची तारीख असते, आणि २०१४ मध्ये वावरणाऱ्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही असे वाटते. इंटरनेटवाल्याला एक चहा पाजणे आपल्याकडे लागते. त्या दिवसांत हिशेबात टाकलेल्या नोंदींच्या तारखा मात्र ११ तारखेच्या विवरणपत्राआधी तपासून घ्या, कारण संगणकाच्या घड्याळावरून तारीख घेणाऱ्या नोंदी मागच्या वर्षांत जाऊन बसलेल्या असू शकतात.

ब्लोअर चालेल, परंतु पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. हवेच्या जोराने ती बेसुमार फिरली तर बेअरिंग खराब होते. तूस पंख्याखालच्या धातूच्या पात्यांत घट्ट बसले असेल तर रंगाच्या कोरड्या ब्रशने आधी मोकळे करावे. ओला कपडा नको. मागांच्या खोलीवर राहणाऱ्यांनी हे दर दोन महिन्यांनी करायला हवे.

पारा चाळीस

माझी एसएमपीएसबाबतची शंका या चाचणीने तूर्त मागे घेतो. तरी सेटिंगच्या पानावर १२ व्होल्टच्या पुरवठ्याचा आकडा दिसतो तो पाहून ठेवा, ११.४ ते १२.६ च्या बाहेर गेला तर मात्र नवा घ्या. आणि पडद्यावरची चिठ्ठी काढू नका. सेल काही वर्षांनी पुन्हा संपेल, तेव्हा पुतण्या कुठे असेल कोण जाणे. त्याच चिठ्ठीच्या खाली सेल बदलल्याचा महिना आणि वर्ष लिहून ठेवा.