एच-४ वरच्या लेकीला परराज्याची फी, अपील कसं करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही नऊ वर्षं अमेरिकेत, एकाच राज्यात. टॅक्स इथेच भरतो, लेकीची शाळाही इथलीच. तरी सरकारी विद्यापीठाने तिला परराज्यातली ठरवून जवळजवळ तिप्पट फी लावली. कारण एच-४ (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाचा) व्हिसा!

१९८२ च्या टोल विरुद्ध मोरेनो खटल्यात सुप्रीम कोर्टाने मेरीलँड विद्यापीठाचा असाच नियम मोडीत काढला होता. पण ती मुलं जी-४ वाली, म्हणजे आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांची. मायदेशी घर राखण्याची सक्ती त्यांना नव्हती, एच-४ लाही नाही. मग तोच मुद्दा आम्हाला चालेल ना? (वकिली माझा प्रांत नव्हे, रात्री जागून वाचलंय.)

कुणी असं अपील जिंकलंय का? कागद कुठले जोडले? वकील आधीच गाठावा का?