पॅट समिटनंतरचं टेनेसी: चूक माणूस निवडण्यात झाली की सूत्रं सोपवण्यात?

तिसरा क्वार्टर (धागाकर्ता)

अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल बघणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा विषय काढतोय. टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाला पॅट समिट यांनी घडवलं. १९७४ मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी त्या मुख्य प्रशिक्षक झाल्या तेव्हा महिना २५० डॉलर मिळायचे. संघाचे कपडे त्याच धुवायच्या, सामन्याला जायची व्हॅनही त्याच चालवायच्या. तिथून ३८ हंगामांत १,०९८ विजय, ८ राष्ट्रीय विजेतेपदं आणि १८ वेळा फायनल फोर (राष्ट्रीय स्पर्धेतले अखेरचे चार संघ). ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी अल्झायमरचं निदान झाल्याचं जाहीर केलं आणि एप्रिल २०१२ मध्ये पद सोडलं. टेनेसी शेवटचं फायनल फोरमध्ये दिसलं ते २००८ साली, त्यांच्याच हाताखाली.

माझं मत असं की होली वॉर्लिक यांना नेमणं योग्यच होतं. त्या टेनेसीकडूनच खेळलेल्या आणि पुढे २७ वर्षं समिट यांच्या सहाय्यक राहिलेल्या. चुकली ती सूत्रं सोपवायची रीत. समिट यांच्या शेवटच्या हंगामात सामन्यांची बरीच सूत्रं वॉर्लिकच सांभाळत होत्या, पण ते आजारपणाने लादलेलं होतं. संघाची खरी ताकद बाकावर, म्हणजे सामना चालवणाऱ्या खुर्चीत, नसते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या आईवडिलांसमोर 'तुमची मुलगी चार वर्षं माझ्याकडे द्या' म्हणण्याचा ज्याला अधिकार असतो, ताकद त्याच्याकडे असते. तो अधिकार समिट यांचा होता, आणि असा अधिकार एका वर्षात दुसऱ्याच्या हाती येत नाही. म्हणून दबदबा असलेल्या प्रत्येक संघाने वारसाचं नाव किमान दोन हंगाम आधी जाहीर करावं. आधी रिक्रूटिंग (नव्या खेळाडू हेरून संघात आणणं) सोपवावं, बाक सगळ्यात शेवटी.

झोन डिफेन्स

साफ असहमत. वॉर्लिक यांचे आकडे बघा: १७२ विजय, ६७ पराभव. पहिल्या चार हंगामांत तीनदा संघ अखेरच्या आठांत, म्हणजे फायनल फोरपासून एका सामन्यावर. याला सूत्रं नीट न सोपवल्याचा परिणाम कसं म्हणायचं?

घसरण आधीच सुरू झाली होती. २०१२ मध्ये चार वर्षं पूर्ण करून बाहेर पडलेल्या मुली या समिट यांच्या काळातल्या फायनल फोर न बघितलेल्या पहिल्याच. समिट यांनी सुरुवात केली तेव्हा महिलांच्या खेळावर मनापासून खर्च करणारी विद्यापीठं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. नंतर सगळेच करू लागले. डॉन स्टेली २००८ मध्ये साउथ कॅरोलायनात मुख्य प्रशिक्षक म्हणून आल्या आणि टेनेसीच्याच लीगमध्ये राहून तीन विजेतेपदं घेऊन गेल्या. प्रतिस्पर्धी मोठे झाले की जुना दबदबा ओसरणारच. त्याचं खापर वॉर्लिक यांच्यावर फुटलं आणि २०१९ मध्ये त्यांना काढलं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

बे एरियाकर

मी स्टॅनफर्डचे सामने मेपल्स पॅव्हिलियनमध्ये जाऊन बघते, म्हणून त्यांचं सांगते. तारा व्हॅनडरव्हीर १९८५ मध्ये तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणून आल्या. एप्रिल २०२४ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर १,२१६ विजय होते, त्या घडीला कॉलेज बास्केटबॉलमध्ये कुणाहीपेक्षा जास्त. वारस केट पे. स्टॅनफर्डचीच खेळाडू, १७ वर्षं सहाय्यक, रिक्रूटिंगमध्ये मुरलेली. धागाकर्त्याला हवं तसं जवळजवळ सगळं होतं. तरी पहिल्याच हंगामात १६ विजय, १५ पराभव, आणि सलग ३६ वेळा खेळलेली एनसीएए, म्हणजे कॉलेज संघांची राष्ट्रीय स्पर्धा हुकली.

संघातली कॅमरून ब्रिंक डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गेली, किकी इरियाफेन ट्रान्सफर घेऊन यूएससी या दुसऱ्या विद्यापीठात गेली. त्याच वर्षी स्टॅनफर्डची पश्चिम किनाऱ्यावरची पॅक-१२ लीग मोडली आणि स्टॅनफर्डच्या मुली लीगचे सामने खेळायला देशाच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिक किनाऱ्यावर जाऊ लागल्या. यातलं काहीच केट पे यांच्या हातात नव्हतं. वारसाला पहिली तीन वर्षं हात लावायचा नाही असं विद्यापीठाने लिहून द्यावं, एवढीच माझी मागणी. नाव दोन वर्षं आधी जाहीर करण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे.

जुना पंच

सगळे प्रशिक्षकांबद्दल बोलताहेत. निर्णय घेणाऱ्या खुर्चीबद्दलही बोला. लुइझियाना टेक आठवतंय का कुणाला? रस्टन नावाच्या छोट्या गावातलं विद्यापीठ. १९८१, १९८२ आणि १९८८ चे विजेते, टेनेसीच्या तोडीस तोड. २००० मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक लिऑन बारमोर निवृत्त व्हायला निघाले. वारस तयार होती: किम मल्की. पहिल्या दोन विजेत्या संघांतली पॉइंट गार्ड (मैदानावर खेळ चालवणारी), नंतर १५ वर्षं तिथेच सहाय्यक. तिने पाच वर्षांचा करार मागितला. विद्यापीठ चारच्या वर जाईना.

एका वर्षाच्या फरकापायी बोलणी मोडली. मल्की बेलरला गेली, बारमोरना परत यावं लागलं आणि २००२ मध्ये ते कायमचे गेले. बेलर तेव्हा अगदी तळाचा संघ होता. मल्कीने त्यांना २००५, २०१२ आणि २०१९ अशी तीन विजेतेपदं दिली, आणि स्वतःचं चौथं २०२३ मध्ये एलएसयूत (लुइझियाना स्टेट विद्यापीठ). लुइझियाना टेक १९९९ नंतर फायनल फोरमध्ये गेलेलं नाही. तिथे ना माणूस चुकला होता ना तयारी. कागदावर सही करणाऱ्यांना हातातल्या बाईची किंमत कळली नाही. ही गोष्ट सांगताना मला अजून राग येतो.

तिसरा क्वार्टर

पंचकाका, मनापासून आभार. हे उदाहरण माझ्या बाजूचंच आहे. दोन वर्षं आधी करार झाला असता तर ही घासाघीस ऐन वेळी झाली नसती.

बे एरियाकर ताई, तीन वर्षांच्या मुदतीला पूर्ण पाठिंबा. पण नोत्र दाम विद्यापीठ बघा. २००१ च्या विजेत्या संघाची पॉइंट गार्ड नील आयव्ही १२ वर्षं तिथल्या मुख्य प्रशिक्षक मफेट मॅकग्रॉ यांची सहाय्यक होती. मग एक हंगाम एनबीएच्या मेम्फिस संघात सहाय्यक म्हणून काम करून २०२० मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून परतली. पहिलं वर्ष १०-१० (विजय-पराभव). २०२२ पासून सलग चार वर्षं अखेरच्या सोळांत. घरचा माणूस थोडा बाहेर राहून आला की त्याच्याकडे स्वतःची नजर येते.

झोन डिफेन्स

आयव्हीचं कौतुक मलाही आहे. पण मॅकग्रॉ यांचा शेवटचा हंगाम १३-१८ असा गेला होता, म्हणजे शिखरावरून उतरण्याची वेळ आयव्हीवर आलीच नाही. वॉर्लिकनंतर टेनेसीत आलेली केली हार्पर तर टेनेसीच्या १९९६, ९७, ९८ अशा तिन्ही विजेत्या संघांतली आणि बाहेर स्वतःचे संघ चालवून आलेली. पाच हंगामांनी तिलाही काढलंच.

२०२४ मध्ये टेनेसीने अखेर घराबाहेरून किम कॉल्डवेल आणली. मार्शल विद्यापीठात एक हंगाम, त्याआधी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट विद्यापीठाला दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद. तिच्या संघाचा सामना बघा: पूर्ण मैदानभर दबाव, आणि मिनिट-दीड मिनिटाने पाचच्या पाच खेळाडू एकदम बदलायच्या. दमलेल्या पाच बाहेर, ताज्या पाच आत. समिट यांच्या संघाशी याचं काही नातं नाही. जानेवारी २०२५ मध्ये ती बाळंत झाली, काही दिवसांत बाकावर परतली आणि फेब्रुवारीत टेनेसीने युकॉनला (कनेक्टिकट विद्यापीठ) ८०-७६ हरवलं. त्याच युकॉनने दोन महिन्यांनी बारावं विजेतेपद मिळवलं. वारशाचं ओझं नसलेल्या माणसालाच असं सगळं नव्याने मांडता येतं.

तिसरा क्वार्टर

मग युकॉनचंच बोलू. मुख्य प्रशिक्षक जीनो ऑरिएम्मा १९५४ चे, करार २०२९ पर्यंत. सहाय्यक क्रिस डेली १९८५ पासून बरोबर आहेत, पण पुढच्या वीस वर्षांचा विचार त्यांच्यावर ठेवता येणार नाही. ड्यूकच्या पुरुष संघाने २०२१ मध्ये मुख्य प्रशिक्षक शशेफस्कींचा निवृत्तीचा हंगाम आणि वारस जॉन शायर, दोन्ही एकदम जाहीर केले. पुढच्या मुलांशी बोलणी शायर करत राहिला. २०२५ मध्ये ड्यूक फायनल फोरमध्ये होतं. युकॉनने हे आत्ताच करावं.

बे एरियाकर

ट्रान्सफर पोर्टलमुळे (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) आज कुठलीही मुलगी हंगाम संपताच निघू शकते. 'दोन वर्षांनी जीनो जाणार' हे कळलं की ज्या त्यांच्यासाठी आल्यात त्या पहिल्याच उन्हाळ्यात दुसरीकडे बघायला लागतील.

तिसरा क्वार्टर

त्यांचं वय कुणापासून लपलेलं नाही, ताई. आज पंधरा वर्षांच्या मुलीचे आईबाप युकॉनचा विचार करतात तेव्हा 'हिच्या शेवटच्या वर्षी तिथे कोण असेल?' हा प्रश्न त्यांना पडतोच. नाव जाहीर केलं तर निदान त्या माणसाला त्यांच्या घरी जाऊन समोर बसता येईल.