शब्दचर्चा : ‘प्रोटेक्शन एक्सेप्शन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मेनफ्रेम (मोठ्या संस्थांचे महासंगणन करणारे यंत्र) संगणकाच्या असेम्ब्लरवरील, म्हणजे यंत्रसूचनांच्या पातळीवरील भाषेवरील, टिपणात मी ‘संरक्षण अपवाद’ असे लिहिले. ते वाचून सहकाऱ्याने विचारले, “म्हणजे या प्रोग्रामला संरक्षणातून वगळले आहे का?” दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर : सहकाऱ्याचा गैरसमज स्वाभाविक आहे. मराठीत अपवाद म्हणजे नियमातून मिळालेली सूट; येथे तर नियमाचीच अंमलबजावणी होते. मेमरीच्या प्रत्येक ४ केबी भागाला एक किल्ली असते, आणि प्रोग्रामची किल्ली तिच्याशी जुळली नाही, तर तेथे लिहू दिले जात नाही. यासाठी ‘मज्जाव’ हा रुळलेला शब्द मला नेमका वाटतो.

समजा, डंपमध्ये, म्हणजे प्रोग्राम कोसळताना घेतलेल्या मेमरीच्या नोंदीत, ५०३०५०१० ही सूचना दिसली. ५० म्हणजे स्टोअर (मेमरीत लिहा), ३ हे ज्यातील मूल्य लिहायचे ते रजिस्टर (प्रोसेसरमधील छोटी साठवणजागा), त्यानंतरचे ० येथे पत्त्यात काही मिळवत नाही, पुढचे ५ हे बेस रजिस्टर, म्हणजे ज्यातील पत्त्यापासून मोजायचे ते, आणि ०१० हे त्यापासूनचे अंतर. रजिस्टर ५ मध्ये शून्य असेल, तर प्रोग्राम मेमरीच्या अगदी आरंभीच्या, राखीव भागात लिहू पाहतो आणि मज्जाव होतो. बहुधा ‘यूझिंग’ (अमुक रजिस्टर बेस म्हणून धरा, असे सांगणारी ओळ) लिहिलेले असते, पण रजिस्टर भरायचे राहिलेले असते. ‘यूझिंग’ हे असेम्ब्लरला दिलेले केवळ आश्वासन आहे, त्याने रजिस्टरमध्ये काहीही भरले जात नाही.

मात्र झेड-ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीतील प्रत्येक ‘एस०सी४’ला (मेमरीच्या चुकीच्या वापरामुळे प्रोग्राम बंद पडल्याचा संकेत) मज्जाव म्हणू नये. त्यासोबत येणारा कारणसंकेत ४ असेल तरच तो मज्जाव. १० किंवा ११ असेल, तर त्या आभासी पत्त्यामागे वापरता येईल अशी मेमरीच नसते. त्याला ‘पत्त्याची उकल न होणे’ म्हणावे, कारण त्याच्या ‘ट्रान्सलेशन एक्सेप्शन’ या इंग्रजी नावातील ‘ट्रान्सलेशन’चे ‘भाषांतर’ येथे निरर्थक ठरते. हा भेद केवळ शब्दांचा नाही. मज्जावात पीएसडब्ल्यूमधील (प्रोग्राम कोठे थांबला याची प्रोसेसरने ठेवलेली नोंद) पत्ता सामान्यतः पुढच्या सूचनेचा असतो, म्हणून सूचनेच्या लांबीइतके मागे जावे लागते. उकल न झाल्यास तो चुकलेल्या सूचनेचाच असतो.

प्रश्नकर्ता : ‘मज्जाव’ स्वीकारतो. माझ्या डंपमध्ये कारणसंकेत ११ होता आणि मी सवयीने चार बाइट मागे जाऊन, काहीही दोष नसलेली आधीची सूचना दोन दिवस तपासत होतो. टिपणात आता दोन्ही शब्द वेगवेगळे ठेवतो.