सीए फर्ममध्ये डेटा अ‍ॅनालिटिक्सची अप्रेंटिसशिप मिळालीये पण काम सगळं टॅली-एक्सेलचं, बदलून घेऊ का?

तिसरंवर्ष_पुणे
मंडळी सल्ला हवाय. मी डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या डिग्रीला आहे, आमच्या कोर्समध्येच अप्रेंटिसशिप आहे, म्हणजे काही सेमिस्टर प्रत्यक्ष ऑफिसात काम करायचं, त्याचे क्रेडिट्स मिळतात आणि स्टायपेंड पण. वर्गातल्या बऱ्याच जणांना हिंजवडी-खराडीला आयटी कंपन्या मिळाल्या, मला सदाशिव पेठेतली सीए फर्म. सोमवार ते शुक्रवार ऑफिस आणि शनिवारी कॉलेज.

काम असं की १४ तारखेनंतर जीएसटी पोर्टलवरून क्लायंटची २बी (सप्लायरनी भरलेल्या बिलांची यादी) डाउनलोड करायची, टॅलीतून (हिशेबाचं सॉफ्टवेअर) परचेस रजिस्टर म्हणजे खरेदीची नोंद काढायची, व्हीलूकअप (दोन याद्या जुळवायचा एक्सेलचा फॉर्म्युला) लावायचा, जे जुळत नाही ते पिवळं करून आर्टिकलकडे (फर्ममध्ये ट्रेनिंग घेणारा सीएचा विद्यार्थी) द्यायचं. मधल्या काळात बँक स्टेटमेंटच्या एन्ट्र्या. पायथन अजून उघडलेलं नाहीये. मैत्रिणी डॅशबोर्ड, मॉडेल असं काय काय सांगतात तेव्हा खरंच टेन्शन येतं. सर चांगले आहेत, ओरडत नाहीत, पण त्यांना वेळच नसतो. कॉलेजला सांगून बदलून घ्यावी का? आणि पुढे सीए करायचं ठरवलं तर हा काळ आर्टिकलशिपमध्ये धरतात का?

रोजमेळ
मी ऑडिटमध्ये डेटाचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. तू ज्या ओळी पिवळ्या करून देऊन टाकतेस ना, सगळं अ‍ॅनालिटिक्स तिथे आहे. त्या देऊ नकोस, आधी स्वतः बघ की का जुळल्या नाहीत.

तुमचे क्लायंट चाकण-भोसरीचे असतील तर हे नक्की दिसेल. छोटा सप्लायर, ज्याची उलाढाल ५ कोटींच्या आत आहे, तो तिमाही रिटर्न भरत असू शकतो, मग त्याने तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत आयएफएफने (तिमाहीवाल्यांना दर महिन्याची बिलं टाकायची सोय) बिलं टाकली नाहीत तर एप्रिलचं बिल थेट जूनच्या २बी मध्ये येतं. ज्याला हे माहीत नाही तो त्याला मिसिंग डेटा म्हणेल आणि क्लायंट उगाच सप्लायरशी भांडेल. दुसरं म्हणजे लाइन रिजेक्शन, प्रॉडक्शन लाइनवर नाकारलेला माल. त्याची रक्कम कमी करायला कंपनीच्या पुस्तकात डेबिट नोट असते, सप्लायर जीएसटीत त्याचीच क्रेडिट नोट दाखवतो, दोघांचे नंबर वेगळे आणि कधीकधी महिनाही वेगळा, व्हीलूकअप ते जन्मात जुळवणार नाही. तिसरं, बिल सप्लायरच्या गुजरात ब्रँचचं असतं, जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी नंबर) २४ ने सुरू, आणि टॅलीत त्याचं लेजर म्हणजे खातं महाराष्ट्राच्या २७ च्या नंबरने उघडलेलं. जीएसटीआयएनची ३ ते १२ अक्षरं म्हणजे पॅन, तेवढं एक्सेलच्या मिड फॉर्म्युल्याने काढून पॅनवर जुळव, बघ किती ओळी सुटतात. पण पॅनवर जुळलं म्हणून क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळालं असं नाही हां, ते बिल नेमकं कुठल्या नंबरवर आलंय हे सरांना दाखवायचंच.

ही कारणं एका कॉलममध्ये लिहायला लाग. दोन-तीन महिन्यांत तुझ्याकडे न जुळण्याच्या कारणांचा असा डेटा असेल जो कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही. मग व्हीलूकअप सोड आणि पॉवर क्वेरीत (डेटा साफ करायचं-जोडायचं टूल) एकदा बसव, ते एक्सेलमध्येच आहे, वेगळे पैसे नाहीत. पुढच्या महिन्यात फाइल बदलायची, रिफ्रेश करायचं.

अजून एक, हे मला फार आवडतं. कॅश बुकवर बेनफर्डचा नियम (आकड्यांचा पहिला अंक किती वेळा कोणता येतो त्याचा) लावून बघ. आकड्यांचा पहिला अंक १ असण्याचं प्रमाण साधारण ३० टक्के आणि ९ चं ४.६ टक्के यायला हवं. कॅश पेमेंटमध्ये ९ चा खांब उंच दिसला की मैत्रीण म्हणेल अनॉमली म्हणजे काहीतरी वेगळं सापडलं, आणि थांबेल. तुला कळेल की एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात अमान्य होतो, म्हणून ९,८०० आणि ९,९०० ची व्हाउचर्स पडतात. मग त्याच पार्टीची लागोपाठची व्हाउचर्स काढायची आणि बिल एकच होतं का ते बघायचं. पायथन चार महिन्यांत शिकता येतं गं, हे व्हाउचर हातात घेतल्याशिवाय येत नाही.

बिबवेवाडी_सीए
आर्टिकलशिपचं आधी सांगते. नाही धरत. आता नव्या स्कीममध्ये आर्टिकलशिप २ वर्षांची आहे आणि ती सीए इंटर परीक्षेचे दोन्ही ग्रुप पास झाल्यावर, प्रॅक्टिसमधल्या सीएकडे सीए इन्स्टिट्यूटच्या नोंदणीने सुरू होते. तुझी अप्रेंटिसशिप १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली आहे, दोन्ही वेगळं.

पण त्याच कायद्यात तू कामगार नाहीस, शिकाऊ आहेस. किमान स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं (२०१९ च्या नियमात पदवीवाल्यांना किमान ९,००० ठरवला होता), तो तुला शिकवावं म्हणून, स्वस्तात एन्ट्र्या करून घ्यायला नाही. तेव्हा ट्रेनिंगमध्ये काय काय ठरलंय ते कॉलेजकडून लेखी मागून घे आणि तो कागद घेऊनच सरांशी बोल. फक्त सप्टेंबरमध्ये नको, टॅक्स ऑडिटची गडबड असते, तेव्हा आम्ही कुणीच नीट ऐकत नाही. जुलैत बोल.

आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. एक छोटं काम सुचवते. पॅनचं चौथं अक्षर पी (व्यक्ती) किंवा एच (हिंदू एकत्र कुटुंब) असेल तर कॉन्ट्रॅक्टरच्या पेमेंटवर टीडीएस १ टक्का, इतरांना २ टक्के. क्लायंटचं सगळं टीडीएस लेजर काढ, अक्षराप्रमाणे दर लावला गेलाय का तपास. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि चूक सापडली तर क्लायंटचं व्याज वाचतं. त्यानंतर १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) चं एजिंग (बिलाला किती दिवस झाले ते) घे, मायक्रो-स्मॉल सप्लायरला ४५ दिवसांच्या आत पैसे गेलेत का, आणि लेखी करार नसेल तर १५ च दिवस. उद्यम नंबर (छोट्या उद्योगांचा सरकारी नोंदणी नंबर) लेजरला लावलेले नसतात, ते गोळा करणंच मोठं काम आहे. आमच्याकडे हे कुणी स्वतःहून करून आणलं तर मी त्या मुलीला एन्ट्रीला परत बसवणार नाही.

क्लायंटचा डेटा स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा कुठल्याही एआय टूलमध्ये टाकू नकोस, अगदी प्रोजेक्ट रिपोर्टसाठी पण नाही. कॉलेजला दाखवायचं तर पार्टीची नावं, पॅन, जीएसटीआयएन बदलून.

स्वारगेट_लोकल
थोडं वेगळं मत. वरच्या दोघांचं पटतंय पण सगळ्या फर्म अशा नसतात. मी जिथे होतो तिथे विचारलं तर "आधी बँक एंट्री संपव" एवढंच उत्तर, सेमिस्टर संपत आलं तरी तेच, म्हणून मी कॉलेजच्या को-ऑर्डिनेटरला लेखी देऊन बदलून घेतली आणि बरंच झालं. तू बोल, काम करून दाखव, आणि तरी महिनाभरात काही हललं नाही तर वाट बघत बसू नकोस. सेमिस्टर मध्येच बदललं तर क्रेडिट्सचं काय होतं ते आधी विचारून घे.

तिसरंवर्ष_पुणे
खूप थँक्यू सगळ्यांना, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. पिवळ्या ओळी आज उघडून बघितल्या, तिमाहीवाले खरंच निघाले. एकच विचारायचंय, बिलाचे नंबर टॅलीत "४५" आणि २बी मध्ये "००४५/२४-२५" असे आहेत, हे कसं जुळवायचं?

रोजमेळ
पॉवर क्वेरीत स्लॅशच्या आधीचा भाग वेगळा काढ, मग तो नंबर टाइपमध्ये बदल, पुढची शून्यं आपोआप जातात. पण काहीजण वर्ष आधी लिहितात, २४-२५/४५ असं, म्हणून सप्लायरवार फॉरमॅट आधी डोळ्यांनी बघून घे. आणि नुसत्या नंबरवर जुळवू नकोस, पॅन, नंबर आणि टॅक्सची रक्कम तिन्ही लाव, रकमेत रुपया-दोन रुपयांचा फरक चालेल असं ठेव, राउंड ऑफमुळे येतो तो. मूळ नंबरचा कॉलम मात्र उडवू नकोस, आर्टिकलला सप्लायरला फोन करताना तोच लागणार आहे.