मदत हवी आहे: नीरफणस (ब्रेडफ्रूट) कमी तेलात कसा करायचा?

आम्ही मॉरिशसला असतो, बाबा तीन महिन्यांसाठी आलेत, त्यांना डायबेटीस आहे, गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. इथे बाजारात नीरफणस छान मिळतो पण आम्हाला येतात ती रवा लावलेली कापंच, आणि ती फार तेल पितात. कुकरला लावला तर गाळ झाला, ओव्हनमध्ये फोडी भाजल्या तर अगदी कोरड्या. फळ कच्चंच होतं, चीक पुसून घेतलेलं. डॉक्टर म्हणाले भाताऐवजी खा, भातासोबत नको, त्यामुळे प्रमाण विचारत नाहीये. शेवग्याचा पाला, अळू, ओलं खोबरं सगळं ताजं मिळतं, फक्त नारळाचं दूध बाबांना सोसत नाही. तर शेवग्याच्या पाल्यात याची भाजी करताना फोडी आधी शिजवायच्या की पाल्यासोबतच, आणि अख्खा भाजायचा असेल तर सालासकट का?