यार्डाचं सॉफ्टवेअर आलं, रांग संपली की गेटबाहेर गेली?

पडघा_पॉइंट
भिवंडी पट्ट्यातल्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे यार्डाचं, म्हणजे गाड्या उभ्या राहतात त्या आवाराचं, सॉफ्टवेअर बसलं. त्याआधी गेटवर एक लाल रजिस्टर होतं आणि यार्डात शिट्टी घेऊन फिरणारा एक माणूस. डॉक, म्हणजे माल उतरवायचा धक्का, रिकामा झाला की तो ओरडत सुटायचा, "एमएच झिरो फोर, बत्तीस फुटीवाला कुठाय?" बत्तीस फुटीवाला सापडला तरी त्याच्यापुढे दुसरी गाडी आडवी, आणि तिचा ड्रायव्हर जेवायला गेलेला. एकदा शॅम्पूची गाडी आमच्याच यार्डात भिंतीकडेला दीड दिवस उभी होती, आणि आम्ही ट्रान्सपोर्टरला फोनवर झापत होतो की गाडी अजून पोचली कशी नाही.

आता ट्रान्सपोर्टर आदल्या दिवशी स्लॉट, म्हणजे आत यायची ठरलेली वेळ, घेतो. गेटवर क्यूआर स्कॅन होतो, ड्रायव्हरला डॉक नंबरचा मेसेज जातो, कुठली गाडी कुठे उभी ते स्क्रीनवर दिसतं. आत येण्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ निम्म्यावर आला. नंबर पुढे घ्यायला वॉचमनच्या हातावर शंभराची नोट ठेवायची पद्धत होती, तीही गेली. माझं मत स्पष्ट आहे, मोठ्या गोदामांना हे सक्तीचं करा. ज्यांना खुपतं त्यांनी नेमकं काय खुपतं ते सांगावं.

दहा_चाकी
मला खुपतं. सहा गाड्या आहेत माझ्या. साहेब, तुमचं घड्याळ गेटच्या आत सुरू होतं, आमचं बाहेर पंपापाशी.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. गोदाम तुमचं नव्हे, दुसरं. गाडी पहाटे ५:४० ला गेटवर. स्लॉट ९ चा. वॉचमन म्हणाला स्लॉटच्या आधी आत घेता येत नाही, सिस्टीम घेत नाही. ठीक. गाडी सर्व्हिस रोडला लावली, तिथे पावती फाटली. ९ वाजले, म्हणाला आतल्या गाड्या अजून खाली झाल्या नाहीत, थांबा. स्कॅन झाला दुपारी २:१५ ला. गाडी बाहेर पडली साडेचारला. हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचं, बिल लावलं तर उत्तर आलं, तुमची गाडी आमच्याकडे सव्वादोन तास होती, सोबत रिपोर्ट जोडला आहे.

पावणेअकरा तासांचे सव्वादोन झाले. रजिस्टर होतं तेव्हा त्याच वॉचमनने स्वतःच्या वाकड्या अक्षरात ५:४० लिहिलं असतं आणि मी त्या पानाचा फोटो काढला असता.

मानकोलीकर
९ चा स्लॉट होता ना, मग पहाटे ५:४० ला यायचंच कशाला?

दहा_चाकी
@मानकोलीकर कारण वाटेत नो एन्ट्री असते दादा. ठाण्यात अवजड गाड्या ठरावीक वेळेलाच सोडतात. उरणकडून निघालेली गाडी एकतर पहाटे पोचते, नाहीतर दुपारनंतर. स्लॉट पाडणाऱ्याने ठाण्याचा नकाशा बघितलेला नसतो. सकाळी ९ ते ११ चे स्लॉट सगळ्यांना हवेत कारण गोदामाला सकाळी माल हवा, आणि नेमक्या त्याच वेळेला रस्ता बंद.

हिशेबी
दोघंही गेटवर अडकलात. आत या जरा. माझ्या ओळखीच्या गोदामात डॉक ८, रोजच्या गाड्या ४०. एक गाडी खाली व्हायला दोन तास धरा, दहा तासांत आठ डॉकवर बरोब्बर ४० बसतात. सॉफ्टवेअरवाल्याने हेच गणित दाखवून माल विकला. पण माथाडींच्या टोळ्या आहेत ५. दहा तासांत २५ गाड्या. उरलेल्या १५ गाड्या कुठल्याही स्क्रीनवर कितीही सुंदर रंगात दाखवा, त्या उभ्याच राहणार.

त्यात सुटे बॉक्स असले तर दोन तासांचे चार होतात. पॅलेटवरचा, म्हणजे लाकडी फळीवर रचलेला, माल असला तर फोर्कलिफ्ट पाऊण तासात गाडी मोकळी करतो. म्हणजे खरा पैसा पॅलेटवर घालायला हवा होता. पण पॅलेटचा खर्च माल पाठवणाऱ्याने करायचा आणि फायदा घेणाऱ्याचा, मग करणार कोण? वाराई, म्हणजे माल उतरवायची मजुरी, कोणी द्यायची यावरूनच अजून भांडणं चालतात. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा इतकी वर्षं देऊनही ड्रायव्हरच्या खिशातून पैसे जायचे थांबलेले नाहीत.

पडघा_पॉइंट
@हिशेबी टोळ्या कमी आहेत हे आम्हाला कळलं ते सॉफ्टवेअरमुळेच. डॉकला गाडी लागल्यापासून पहिला बॉक्स उतरेपर्यंत ५० मिनिटं जातात, हे आधी कोणी मोजलंच नव्हतं. मुकादमाशी बोलून दुपारची टोळी वाढवली. रजिस्टर घेऊन मुकादमाशी काय बोलणार होतो?

एडिसन_ते_ट्रेंटन
न्यू जर्सीत गोदामांच्या कामात आहे, इथलं थोडं सांगतो. यार्डाची ही सॉफ्टवेअरं मुळात इथल्या पद्धतीसाठी बनली. इथे ड्रायव्हर मालाचा ट्रेलर यार्डात सोडून ट्रॅक्टर, म्हणजे पुढचा इंजिनाचा भाग, घेऊन निघून जातो. शेकडो ट्रेलर बिनमाणसाचे उभे असतात, म्हणून कुठला कुठे आहे हे सांगणारं काहीतरी लागतं. गोदामाचा स्वतःचा छोटा ट्रॅक्टर तो ट्रेलर उचलून डॉकला लावतो. ट्रेलर दोन दिवस उभा राहिला तरी माणूस अडकत नाही.

तुमच्याकडे बहुतेक गाड्यांचा हौदा आणि इंजिन एकाच सांगाड्यावर, आणि आत ड्रायव्हर. गाडी उभी म्हणजे माणूस उभा. त्या सॉफ्टवेअरचा निम्मा भाग तिथे निरुपयोगी आणि उरलेला निम्मा म्हणजे टोकन मशीन.

इथेही ड्रायव्हर थांबतात, गोड गैरसमज नको. डॉकवर पहिले दोन तास फुकट धरायची जुनी रीत आहे. पण डिसेंबर २०१७ पासून गाडीतच तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत ११ तास गाडी चालवता येते, आणि डॉकवर गेलेला वेळ सहसा त्या १४ मधूनच कापला जातो. म्हणजे ड्रायव्हरकडे स्वतःचं घड्याळ आहे. तुमच्याकडे फक्त गोदामाचं आहे.

दहा_चाकी
तुमच्या तोंडात साखर पडो. तासांचा कायदा आपल्याकडेही आहे. आधी मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांचा १९६१ चा होता, २०२५ पासून तो नव्या कामगार संहितेत गेला. दिवसाला ८ तास. माझ्या ड्रायव्हरला वाचून दाखवला तर हसत हसत क्लच सोडेल.

अमृता_बिलिंग
मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ई-वे बिलं, म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणारे जीएसटीचे ऑनलाइन कागद, बघते. माझं दुखणं वेगळंच आहे. बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. चाकणहून भिवंडीला शनिवारी संध्याकाळी बिल काढलं की रविवारी रात्री १२ ला संपतं. गाडी रविवारी पहाटेच गोदामाबाहेर येऊन उभी. पण रविवारचे स्लॉट नाहीत, सोमवारी दुपारचा मिळतो. आता मुदत वाढवायची तर संपण्याआधी आठ तास किंवा संपल्यावर आठ तास, एवढ्याच खिडकीत. म्हणजे रविवारी रात्री जेवण उरकून मी लॅपटॉप उघडून बसते. विसरले आणि तेवढ्यात तपासणी झाली, तर दंड कराच्या दुप्पट, आणि गाडी गोदामापासून तीनशे मीटरवर.

स्लॉट देताना हे सॉफ्टवेअर बिलाचा नंबर विचारतं. मुदत कधी संपते ते त्या नंबरावरूनच कळतं. तरी स्लॉट सोमवारचाच देतं.

गाडीवानाचा_मुलगा
वडील २८ वर्षं ट्रकवर होते, दोन वर्षांपूर्वी सोडलं. त्यांच्याकडे बटणांचा फोन. ट्रान्सपोर्टरने क्यूआर व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणे. वॉचमन म्हणाला मोबाइल दाखव. मग मागच्या गाडीच्या पोराकडे मी क्यूआर पाठवायचा, ते पोरगं स्कॅन करून देणार, असं चालायचं. नाशिकला बसून मी भिवंडीचं गेट उघडत होतो.

डॉक नंबरचा मेसेज इंग्रजीत. त्यांना त्यातला आकडा तेवढा कळायचा, तो पुरे व्हायचा. पण एकदा 'डॉक १२ रद्द, १७ ला लावा' असा मेसेज आला आणि त्यांनी १२ ला लावली. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला. घरी आल्यावर ते त्याबद्दल एवढंच म्हणाले, "पूर्वी शिट्टी ऐकू यायची."

मानकोलीकर
🙏

बॅकएंड_भाऊ
ही असली सॉफ्टवेअरं बसवणं हेच माझं काम आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. अमृताताई, मुदतीचं तुम्ही म्हणता ते सहज करता येण्यासारखं आहे, कोणी मागितलंच नाही. मराठी-हिंदी मेसेज आमच्यात आहेत, गिऱ्हाईक चालू करत नाही.

आता दहा_चाकीचा मुद्दा. आमच्या सिस्टीममध्ये दोन वेगळ्या वेळा आहेत, 'आगमन' आणि 'प्रवेश'. आगमन म्हणजे गाडी गोदामाच्या आसपास आखलेल्या रेषेत आली ती वेळ. गाडीच्या जीपीएसवरून किंवा ड्रायव्हरच्या फोनवरून ती आपोआप पडते, वॉचमनचा संबंध नाही. मी स्वतः चार ठिकाणी बसवलं, तिघांनी पहिल्याच महिन्यात आगमनाची नोंद बंद करून घेतली. कारण विचारलं नाही. रिपोर्टवर कोणाची सही जाते ते बघितलं की कारण कळतं.

दहा_चाकी
म्हणजे मशीनला ५:४० माहीत होते?

बॅकएंड_भाऊ
नोंद चालू असती तर, हो.

पडघा_पॉइंट
थांबा. आमच्याकडे काय आहे ते उद्या बघून सांगतो.

पडघा_पॉइंट
बघितलं. बंद आहे. साहेबांना विचारलं. म्हणाले, ती चालू केली तर हॉल्टिंग आपल्या माथी येईल, बजेटमध्ये तशी रक्कमच नाही. मग म्हणाले तू हे कुठे वाचलंस?

आमच्या यार्डात वेळ निम्म्यावर आला असं मी वर लिहिलं, तो आकडा प्रवेशापासूनचा आहे. बाहेरचा धरला तर किती, हे मला सांगता येत नाही. सक्तीचं करा हे माझं मत अजून आहे, पण दोन्ही वेळांसकट करा असं म्हणतो.

हिशेबी
आणि टोळ्यांसकट.

पडघा_पॉइंट
तेही. तोवर गेटवर टॅबलेटच्या शेजारी एक रजिस्टर ठेवलंय. गाडी दिसली की वॉचमन वेळ लिहितो, ड्रायव्हरने फोटो काढून न्यायचा. लाल नाही मिळालं, निळं आहे.

दहा_चाकी
पेन दोरीने बांधा.