केलेब कुशिंगचा वांगशिया तह (१८४४): युद्धाशिवाय जमलं कसं?

पानदान: मॅसॅच्युसेट्सचा वकील कुशिंग अमेरिकेच्या वतीने चीनशी तह करून आला. ब्रिटिशांना त्यासाठी युद्ध लढावं लागलं, याने एक तोफ न डागता पाच बंदरं उघडून घेतली. कसं? शिवाय तहात अफूविरोधी कलम होतं म्हणतात, ते पाळलं गेलं का? आणि एवढा कायदेपंडित सरन्यायाधीश का झाला नाही?

गलबतवाला: 'उघडून घेतली' हे जरा जास्तच झालं. बंदरं ब्रिटिशांच्या १८४२च्या नानजिंग तहानेच खुली झाली होती आणि चिनी दरबाराने अमेरिकनांना तिथे व्यापाराची मुभाही दिली होती. कुशिंगला हवी होती लेखी हमी. त्याच्याकडे हुकमाचा पत्ता एकच: अध्यक्ष टायलर यांचं पत्र. ते बादशहाला द्यायला बीजिंगला जाणारच, असा धोशा त्याने फेब्रुवारी १८४४ मध्ये मकावला उतरल्यापासून लावला. दरबाराला नेमकी तीच धास्ती. शेवटी बादशहाचा प्रतिनिधी छीयिंग वाटाघाटींना मकावला आला, कुशिंगने बीजिंगचा हट्ट सोडला आणि ३ जुलैला मकावजवळच्या वांगशियाच्या मंदिरात सह्या झाल्या.

जाता जाता: येताना त्याची वाफेवरची युद्धनौका 'मिसूरी' जिब्राल्टरला जळाली. म्हणून तो इजिप्तमार्गे मुंबईला आला आणि तिथून 'ब्रँडीवाइन'वर चढला.

कलम२१: तहाची ३४ कलमं आहेत. खरा वकील दिसतो तो २१ आणि २५ मध्ये. गुन्हा अमेरिकनाने केला तर खटला अमेरिकन वकिलातीपुढे. अमेरिकनांच्या आपसातल्या मालमत्तेच्या वादातही चिनी अधिकाऱ्याने पडायचं नाही. जूनमध्ये ग्वांगजौला एका अमेरिकनाच्या गोळीने एक चिनी माणूस मेला होता, त्यामुळे हा मुद्दा ऐन वाटाघाटीत तापलेलाच होता. पण वकिलातीने खटला चालवायचा तर तसा अधिकार हवा, आणि तो देणारा कायदा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केला १८४८ मध्ये! तोवर कलम कागदावरच.

अफूचं कलम ३३. अफू विकणाऱ्या अमेरिकनाला चीन सरकारने खुशाल शिक्षा करावी, अमेरिका त्याला पाठीशी घालणार नाही. पाळलं? छे. अमेरिकन पेढ्यांचा धंदा चालूच राहिला.

खरी मेख ३४ मध्ये: बारा वर्षांनी फेरविचार. ब्रिटिशांच्या तहात ही तरतूद नव्हती, पण 'इतरांना द्याल ते आम्हालाही' हे कलम त्यांच्याकडे होतं. त्यावर बोट ठेवून, नानजिंगपासून बारा वर्षं मोजून, त्यांनी १८५४ मध्येच फेरविचार मागितला.

जुनाफडणीस: सरन्यायाधीशपदाचं थोडक्यात. जानेवारी १८७४ मध्ये अध्यक्ष ग्रँटने नाव सुचवलं आणि चारच दिवसांत मागे घेतलं. मार्च १८६१ मध्ये कुशिंगने फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसला लिहिलेलं, एका कारकुनाची शिफारस करणारं पत्र बाहेर आलं होतं. त्यात पक्ष बदलण्याची त्याची जुनी ख्याती, मग विरोधकांना आणखी काय हवं? अशा नेमणुकांना मंजुरी देणाऱ्या सिनेटचा तडाखा त्याला नवा नव्हताच. ३ मार्च १८४३ या एकाच दिवशी टायलरने त्याला अर्थमंत्री म्हणून तीनदा सुचवलं आणि तिन्हीदा नाव पडलं. शेवटच्या वेळी बाजूने मतं पडली फक्त २, विरोधात २९.

पानदान: १८५४ची मागणी अमेरिकन कलमाच्या आधारावर होती हे माहीत नव्हतं. मग दरबाराने काय केलं?

कलम२१: टोलवाटोलवी. १८५६ मध्ये अमेरिकेची स्वतःची बारा वर्षं भरली, तेव्हाही तेच. त्याच ऑक्टोबरात 'ॲरो' जहाजावरून दुसरं अफूयुद्ध पेटलं.